फोनवरचा डॉक्टर कायद्यात आला, योजनेत कधी येणार?

एप्रिल २०२० आठवतोय ना? लोकल बंद, नाक्यानाक्यावर पोलीस, आणि आमच्या घरात आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आलेल्या. तिचे डॉक्टर परळला. डोंबिवलीहून जायचं कसं? शेवटी फोन लावला. डॉक्टर पाच मिनिटं आईशी बोलले, घरच्या मशीनवरचे आकडे विचारले आणि व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवली. खालच्या मेडिकलवाल्याने ती बघून गोळ्या दिल्या. विषय संपला.

पण हे असं सरळ होण्यामागे बराच इतिहास आहे.

इस्रोने २००१ पासून उपग्रहाच्या मदतीने दूरची रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांशी जोडायला सुरुवात केली. पुढे आपल्याकडे केईएमचे तज्ज्ञ जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना पडद्यावरून सल्ला देऊ लागले. मात्र दोन्ही टोकांना डॉक्टर. पेशंट स्वतःच्या घरातून बोलेल, हे त्यात नव्हतंच.

मग २०१८. रत्नागिरीत एका बाळंतिणीचा मृत्यू झाला. रुग्णालयात डॉक्टर हजर नव्हते, औषधं फोनवरून सांगितली गेली होती. त्या वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टर दाम्पत्याचा अटकपूर्व जामीन नाकारला. प्रकरण गंभीरच होतं. पण राज्यभरातल्या डॉक्टरांनी त्यातून धडा घेतला तो असा, की फोनवर काही सांगायच्या भानगडीत पडूच नका. कारण फोनवर काय चालतं आणि काय नाही, याचे स्पष्ट नियमच नव्हते.

ते नियम आले २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. फोन, व्हिडिओ, मेसेज, सगळं चालेल; कोणती औषधं लिहायची, कोणती नाही, हे ठरलं. डॉक्टरांनी योग्य फी घ्यावी, पावती द्यावी, हेही लिहिलं गेलं. १३ एप्रिलला सरकारची मोफत ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. ११ जूनला विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं, की पॉलिसीत डॉक्टरांच्या सल्ल्याचा खर्च बसत असेल, तर फोनवरचा सल्लाही धरा.

म्हणजे खासगी पॉलिसीवाल्याची सोय झाली. सरकारी योजनेवाल्याचं काय?

१९९७ ची जीवनदायी, २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी, तिचीच आजची महात्मा फुले योजना, आणि २०१८ ची आयुष्मान भारत. या योजनांचा जन्म मोठ्या बिलातून झाला. हृदय, किडनी, कॅन्सर. घर विकायची वेळ येऊ नये म्हणून. ते बरोबरच होतं, आणि लाखो घरं त्यामुळे वाचली. पण म्हणूनच पैसा खाटेशी बांधला गेला. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांचा खर्च धरतात, एरवीची ओपीडी नाही.

आमच्या शेजारचे काका रिक्षा चालवतात. योजनेतून त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक रुपया लागला नाही. पण ते पंधरा दिवस केव्हाच संपले. आता दर तपासणीला मुंबई. दिवसाचा धंदा बुडतो, सोबत येणाऱ्या मुलाचा खाडा होतो. बहुतेक वेळा डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात, "गोळ्या चालू ठेवा." हे फोनवर होऊ शकतं. होत नाही, कारण त्या फोनचे पैसे कुठल्याच खात्यात बसत नाहीत.

ई-संजीवनी आहे की, असं कुणी म्हणेल. आहे आणि ती उपयोगीही आहे. पण तिथे भेटणाऱ्या डॉक्टरला काकांची केस पहिल्यापासून सांगावी लागते.

आणि विमा म्हणजे भरती, ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. १९४८ च्या कायद्याने आलेल्या ईएसआयमध्ये कामगाराला ओपीडी पहिल्यापासून आहे. वागळे इस्टेट, उल्हासनगरच्या कामगार कुटुंबांना हे सांगायला नको.

अमेरिकेत तर ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, कोविडपासून ही सोय आहे, पण तात्पुरत्या मुदतवाढींवर. १ ऑक्टोबर २०२५ ला तिथे सरकारी कामकाज ठप्प झालं आणि ती मुदतही संपली. नोव्हेंबरमध्ये परत वाढवली. धडा एवढाच, की सोय नियमात पक्की लिहिलेली नसेल तर ती कधीही जाऊ शकते.

फोनवर सगळं होत नाही, हे मान्य. छातीत दुखलं तर दवाखानाच गाठायचा. खोटे फोन दाखवून बिलं काढली जातील, ही भीतीही खरी आहे. त्यासाठी चिठ्ठीची नोंद आणि पेशंटकडून खात्री करून घेण्याची पद्धत ठेवा. पण योजनेच्या पॅकेजमध्ये फोनवरच्या फेरतपासणीची एक ओळ टाका. आणि आपल्या महापालिकेने रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर रुग्णालयांत रोज एक तास जुन्या पेशंटच्या फोनसाठी ठेवायला काय हरकत आहे?

आपल्या भागातले नगरसेवक, आमदार मतं मागायला येतील, तेव्हा गटार-पाण्यासोबत हेही विचारा. काकांचा पुढचा नंबर सोमवारी आहे. पहाटेची लोकल.