डबा भरताना: वेब विजेटच्या पॅकेजिंगचा छोटा इतिहास

मागच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या ज्युनिअरने विचारलं, "ताई, माझा सगळा कोड मिळून एक एमबीसुद्धा नाही, मग झिप १८० एमबीची कशी काय होतेय?" फोल्डर उघडून बघितलं. आत नोड मॉड्यूल्सचा डोंगर, गिटचा लपलेला फोल्डर, जुन्या चाचण्यांचे स्क्रीनशॉट आणि मॅकने आपणहून टाकलेली 'डॉट डीएस स्टोअर' नावाची फाइल. मला हसू आलं, पण मी फार हसले नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडून याहून वाईट चूक झाली होती. ती शेवटी सांगते.

संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी अनेकांना पॅकेजिंग हे शेवटच्या दिवशी उरकायचं काम वाटतं. पण आपल्या कामात नेमकं काय मोडतं आणि काय नुसतं आजूबाजूला पडलेलं असतं, हे ठरवणं म्हणजे पॅकेजिंग. वेब जगताने हा प्रश्न सोडवायला बरीच वर्षं घालवली. त्यातला विजेटचा धडा आज जवळजवळ विसरला गेलाय, म्हणून तो इथे मांडतेय.

छोट्या खिडक्यांची सुरुवात

१९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशवर 'डेस्क ॲक्सेसरी' नावाचे छोटे प्रोग्राम होते. कॅल्क्युलेटर, घड्याळ अशी एकेका कामाची साधनं. ती अर्थातच वेबची नव्हती, तेव्हा वेबच नव्हतं. वेबची भाषा वापरून असं काही करायची कल्पना लोकप्रिय झाली २००३ मध्ये. आर्लो रोझ आणि पेरी क्लार्क यांनी मॅकसाठी 'कॉन्फॅब्युलेटर' काढलं. खिडकीचं वर्णन एक्सएमएलमध्ये आणि वागणूक जावास्क्रिप्टमध्ये. अशा प्रत्येक छोट्या ॲपला ते 'विजेट' म्हणत. २००५ मध्ये याहूने ते विकत घेतलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने टायगर, म्हणजे मॅक ओएस एक्स १०.४ आणलं आणि त्यात 'डॅशबोर्ड' दिलं. कल्पना आमचीच उचलली, अशी कॉन्फॅब्युलेटरवाल्यांची तक्रार होती. ही तर आमच्या १९८४ च्या डेस्क ॲक्सेसरीची पुढची पिढी, असं दुसऱ्या बाजूने सांगितलं गेलं. तो वाद बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा, की डॅशबोर्डचं विजेट म्हणजे सरळ एक वेब पान होतं: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट. आज आपण आलेख काढायला जो 'कॅनव्हास' वापरतो, तोही ॲपलने मुळात डॅशबोर्डच्या निमित्ताने बनवला होता.

डॅशबोर्डचं विजेट दिसायला एक फाइल, पण खरं तर तो फोल्डर असायचा. त्यात मुख्य पान, एक चिन्ह, पार्श्वभूमीचं चित्र आणि 'इन्फो डॉट पीलिस्ट' नावाची यादी. विजेटचं नाव काय, मुख्य पान कोणतं, हे त्या यादीत लिहायचं. शिवाय इंटरनेटशी बोलायचं असेल तर तेही तिथेच मागावं लागे. मागितलं नाही तर मिळत नसे. म्हणजे डब्यात काय आहे हे सांगणारी यादी आणि डब्याला काय करायची परवानगी आहे हे सांगणारा कागद, दोन्ही एकच.

प्रत्येकाचा डबा वेगळा

पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळेच या खेळात उतरले. २००६ मध्ये ऑपेरा ९ ब्राउझरमध्ये विजेट आली. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा साइडबारसकट बाजारात आलं, तिथे त्यांना 'गॅजेट' म्हणत. नोकियाने एस-६० फोनवर हाच प्रकार आणला. शाळेत असताना ज्यांच्या घरी नोकिया होता, त्यांना जीपीआरएसवर एक पान उघडायला किती वेळ लागायचा हे आठवत असेल. त्या काळात पूर्ण पान पुन्हापुन्हा उतरवण्यापेक्षा पान फोनमध्येच ठेवून फक्त ताजी माहिती आणणं हा मोठा फायदा होता.

अडचण एकच. हवामान दाखवणारं तेच विजेट चार ठिकाणी चालवायचं तर चार वेगवेगळे डबे भरावे लागत. यादीचं नाव वेगळं, चिन्हाची जागा वेगळी, परवानगी मागायची पद्धत वेगळी.

गंमत म्हणजे डब्याचं बाहेरचं आवरण मात्र बहुतेक ठिकाणी एकच होतं, झिप. फिल कॅट्झने १९८९ मध्ये पीकेझिप काढलं आणि त्या फाइलची रचना सगळ्यांसाठी खुली केली. जावाची जार फाइल झिपच, विंडोजचं गॅजेट झिपच, आणि तुमच्या शोधनिबंधाची डॉकएक्स फाइलसुद्धा झिपच. कोणतीही डॉकएक्स फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा. सुरुवातीला इंग्रजीत 'पी' आणि 'के' ही दोन अक्षरं दिसतील. ती फिल कॅट्झची आद्याक्षरं.

मानक कसं तयार झालं

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २००६ पासून हे काम हाती घेतलं. संपादक होते मार्कोस कासेरेस. संशोधन करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं, कारण कामाचा क्रम बघण्यासारखा आहे. २००८ मध्ये त्यांनी 'विजेट लँडस्केप' नावाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्या वेळी वापरात असलेली विजेटची इंजिनं एकमेकांशेजारी ठेवून कोण काय करतं, कुठे साम्य आणि कुठे फरक, याची ती मांडणी होती. आपल्या भाषेत सांगायचं तर लिटरेचर रिव्ह्यू! गरजांची यादी वेगळ्या दस्तऐवजात केली. या दोन्हींच्या आधाराने नियम घडत गेले, आणि नियम तपासायला चाचण्यांचा संच. पॅकेजिंगचं मानक २७ सप्टेंबर २०११ ला अधिकृत शिफारस झालं.

नियम आश्चर्य वाटावं इतके साधे होते. झिप फाइल, शेवटी 'डब्ल्यूजीटी' हे विस्तारनाव. आत, अगदी वरच्या पातळीवर, 'कॉन्फिग डॉट एक्सएमएल'. तिच्यात एकच रिकामा विजेट टॅग असला आणि शेजारी 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असली, तरी विजेट वैध. बाकी सगळं ऐच्छिक.

"अगदी वरच्या पातळीवर" हे शब्द मात्र महत्त्वाचे. आपण सवयीने फोल्डरवर राइट-क्लिक करून झिप करतो. मग झिपच्या आत आधी फोल्डर येतो आणि यादी एक पातळी खाली जाते. मानकानुसार असं पॅकेज अवैध. फोल्डर नाही, फोल्डरच्या आतला माल झिप करायचा. आजही जर्नलला पूरक फाइल पाठवताना किंवा सर्व्हरवर ॲप चढवताना या एका पातळीपायी कितीतरी तास वाया जातात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. भाषांसाठी 'लोकेल्स' नावाचा फोल्डर ठेवायची सोय होती. त्यात 'एमआर' नावाचा उपफोल्डर करून मराठी पान ठेवलं, की ज्याच्या यंत्राची भाषा 'मराठी, भारत' आहे त्याला आधी त्या नेमक्या जोडीचा फोल्डर शोधून दिला जाई, तो नसेल तर नुसत्या मराठीचा, आणि तोही नसेल तर मूळ पान. त्यासाठी कोडची एकही ओळ लिहावी लागत नव्हती.

काढून टाकण्याचा इतिहास

भरण्याइतकाच काढण्याचाही इतिहास आहे. डग्लस क्रॉकफर्डच्या 'जेएसमिन'ने जावास्क्रिप्टमधल्या टिपा आणि मोकळ्या जागा काढल्या. २००९ मध्ये गूगलने क्लोजर कम्पायलर खुला केला, तो न वापरलेली फंक्शनंसुद्धा काढू लागला. २०१५ मध्ये रिच हॅरिसच्या 'रोलअप'मुळे 'ट्री शेकिंग' हा शब्द वेबवाल्यांच्या तोंडी बसला. झाड हलवायचं, वाळलेली पानं गळून पडतात. शब्द मात्र जुना, लिस्प भाषेच्या लोकांकडून आलेला.

सर्व्हरच्या बाजूलाही तेच. जावाच्या वॉर पॅकेजमध्ये 'वेब डॉट एक्सएमएल' ही तैनातीची फाइल वर्षानुवर्षं सक्तीची होती. २००९ मध्ये सर्व्हलेट ३.० आलं, तीच माहिती कोडमध्येच खुणेने लिहिता येऊ लागली आणि फाइल ऐच्छिक झाली. म्हणजे नको असलेला माल कधी कधी कोपऱ्यात पडलेला कचरा नसतो. काल जी फाइल अत्यावश्यक होती, तीच आज नको असलेली ठरते.

पण आंधळेपणाने छाटलं तर नुकसानही होतं. वेबपॅकला "या पॅकेजमधल्या फाइलींचे बाजूचे परिणाम नाहीत" असं सांगून टाकलं, की जी सीएसएस फक्त आयात केलेली असते, तीही गळून पडू शकते. पान चालतं, पण उघडंबोडकं दिसतं. परवान्याची फाइल काढली तर एमआयटी किंवा अपाचे परवान्याची अटच मोडते. आणि लॉक फाइल काढली तर कोणत्या आवृत्तीवर तुमचे निकाल आले होते, ते दोन वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. नोड मॉड्यूल्स काढा, लॉक फाइल ठेवा. ती काही केबींची असते आणि तो अख्खा डोंगर पुन्हा उभा करू शकते.

विजेट गेली, यादी राहिली

विजेटचा शेवट फारसा गोड नाही. जुलै २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सुरक्षेचा इशारा दिला, की गॅजेटमधून यंत्राचा ताबा जाऊ शकतो, आणि ती बंद करायचं साधनही दिलं. विंडोज ८ मध्ये गॅजेट नव्हतीच. ॲपलने २०१९ च्या कॅटालिनात डॅशबोर्ड काढून टाकलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, डब्ल्यू-थ्री-सीनेही विजेटचं मानक निवृत्त केलं होतं.

मग सगळं फुकट गेलं का? अजिबात नाही. मोबाइल ॲप बनवणारं फोनगॅप, म्हणजे आजचं अपाचे कॉर्डोव्हा, 'कॉन्फिग डॉट एक्सएमएल' वापरतं. तिची मांडणी विजेटच्या मानकावरच बेतलेली आहे. सॅमसंगच्या टायझनवरची वेब ॲप 'डब्ल्यूजीटी' विस्तारनावानेच बांधली जातात. आणि प्रोग्रेसिव्ह वेब ॲपमागे जो मॅनिफेस्ट असतो, नाव, चिन्ह, सुरुवातीचं पान सांगणारा, त्याच्या संपादकांतही तेच मार्कोस कासेरेस आहेत. एक्सएमएल जाऊन जेसन आलं, झिप गेली, पण डब्यावर यादी असावी ही कल्पना टिकली.

आता माझी चूक

माझ्या कामात पावसाच्या नोंदी आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती एकत्र दाखवणारं एक छोटं वेब साधन आहे. अगदी सुरुवातीच्या सीएसव्हीमध्ये मुलाखत दिलेल्यांची नावं आणि फोन नंबर होते. नंतर मी नावांच्या जागी संकेतांक घातले आणि जुनी फाइल डिलीट केली. काही महिन्यांनी दुसऱ्या संस्थेतल्या एका गटाने साधन मागितलं. मी फोल्डर झिप केला आणि पाठवला.

दोन दिवसांनी तिथल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, गिटचा फोल्डर आत आलाय. मागच्या कमिटमध्ये नावं दिसतायत." पोटात गोळाच आला. गिटचं कामच इतिहास जपून ठेवणं. फाइल मी डिलीट केली होती आजच्या फोल्डरमधून, इतिहासातून नाही. त्याच संध्याकाळी गाइडना सांगितलं, त्या गटाकडून प्रत नष्ट केल्याचं लेखी घेतलं आणि नैतिकता समितीला कळवलं. त्या माणसांनी मला ओट्यावर बसवून चहा दिला होता, नाव कुठे येणार नाही या शब्दावर बोलले होते. तो शब्द मी एका राइट-क्लिकने मोडला.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आधी मी "काय वगळायचं" याची यादी करायचे. आता "काय न्यायचं" याची करते. वगळायच्या यादीत एक गोष्ट विसरली तर ती बाहेर जाते. न्यायच्या यादीत विसरली तर फार तर साधन चालत नाही, आणि ते लगेच कळतं. एनपीएममध्ये 'फाइल्स' नावाचा रकाना याचसाठी आहे, आणि 'एनपीएम पॅक' ड्राय-रनने चालवलं तर डब्यात काय जाणार ते आधीच दिसतं. साध्या प्रकल्पासाठी 'गिट आर्काइव्ह' वापरा. ते एका ठरावीक कमिटमधल्या फाइली उचलतं, इतिहास नाही. आणि शेवटची पायरी कधीही चुकवू नका: तयार झालेली झिप रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा, लपलेल्या फाइली दिसतील अशी सेटिंग करा आणि तिथूनच साधन चालवून बघा.

ज्युनिअरची झिप शेवटी ६०० केबींवर आली. तो खूश होता. मी त्याला म्हटलं, "आकार सोड रे, आधी आत कुणाचं नाव राहिलंय का ते बघ."