फझी फाइंडर (कमांड लाइनवरील)

टर्मिनलमध्ये दाखल झालेल्या ओळींच्या यादीतून, वापरणारा एकेक अक्षर टाइप करीत असतानाच, जुळणाऱ्या ओळी वेचून त्या गुणानुक्रमे मांडणारी आज्ञावली. ‘फझी’ म्हणजे स्पेलिंगची चूक चालवून घेणारी, असा समज आढळतो, परंतु तो यथार्थ नव्हे; शोधाक्षरे ओळीत त्याच क्रमाने आली पाहिजेत, मध्ये अंतर कितीही पडो, एवढीच काय ती मुभा.

इतिहास : गॅरी बर्नहार्टकृत सिलेक्टा व जूनगन चोईकृत एफझेडएफ ही दोन्ही २०१३ सालची व मूळची रुबी भाषेतली; पैकी एफझेडएफ २०१५ मध्ये गो भाषेत नव्याने लिहिले गेले. जॉन हॉथॉर्न यांचे एफझेडवाय सी भाषेत, तर स्किम रस्टमध्ये आहे.

गुणांकन : या साधनांचे खरे तारतम्य येथेच कळते. स्मिथ व वॉटरमन यांनी १९८१ मध्ये जैविक रेणूंच्या अनुक्रमांची तुलना करण्यासाठी जी रीत सिद्ध केली, तिचेच सुधारित रूप एफझेडएफने आपल्या कामी लावले असून, तीत जुळलेल्या प्रत्येक अक्षरास १६ गुण मिळतात, खंड पडताच ३ व तो लांबेल तसतसा दर अक्षरामागे १ गुण वजा होतो, आणि शब्दारंभीच्या अक्षरास वेगळे अधिक गुण दिले जातात. ‘कागद/दप्तर/वसुली’ या मार्गावर ‘कदव’ शोधले असता ‘कागद’मधील द आधी भेटतो, तथापि दोन्ही पर्यायांत खंडांची वजावट सारखीच भरत असल्याने, तिरप्या रेषेलगतचा, शब्दारंभीचा ‘दप्तर’मधील द सरस ठरतो. एफझेडवायही सलग अक्षरांस व शब्दारंभास झुकते माप देते, मात्र १०२४ अक्षरांहून लांब ओळीचे गुणांकन न करता, ती जुळत असल्यास, तळाशी टाकते. ही तडजोड प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटते, कारण तेवढी लांब ओळ नजरेने वाचून कोणी निवडीत नाही.

वापर : एफझेडएफ शेलला जोडल्यावर कंट्रोल-आर कळीने पूर्वी दिलेल्या आज्ञा, तर कंट्रोल-टीने फाइली शोधता येतात. शोधशब्दाआधी उद्गारचिन्ह घातल्यास तो शब्द असलेल्या ओळी वगळल्या जातात.

पेको : गो भाषेत, पर्कोल या अशाच साधनावरून प्रेरित. मूळ वृत्ती सरळ शब्दशोधाची असल्याने त्याची गणना या वर्गात सावधपणेच करावी.

वेग : यादीच्या आकारावर अवलंबून.