रंगीत घरं आणि दगडी खांब

कोल्हापुरातून घाट उतरून गोव्याला गेलेल्यांचा एक फोटो आता ठरलेला असतो. पणजीच्या फोंतेन्यासमधली निळी-पिवळी भिंत आणि तिच्यापुढे आपण. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याची ही जुनी वस्ती देखणी आहे, यात वाद नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, या देखणेपणाचा इतिहास कोणाला वगळून सांगितला जातो?

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही वस्ती उभी केली ती मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या एका गोवेकराने. लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. त्याच मोझांबिकमधून पोर्तुगीज जहाजं आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून गोव्यात आणत. सोळाव्या शतकात डच प्रवासी लिन्सखोटेनने गोव्याच्या भररस्त्यात चाललेली माणसांची विक्री लिहून ठेवली आहे.

जुन्या गोव्यात 'हातकातरो खांब' आहे. पोर्तुगीज भाषेत अशा खांबाला पेलोरिन्यु म्हणतात, म्हणजे जाहीर शिक्षेचा खांब. अटलांटिक किनाऱ्यावर ब्राझीलमधल्या साल्वादोर बंदरातही पोर्तुगीजांनी तो रोवला. तिथे गुलामांना बांधून फटके मारत. आज चढउतारांच्या त्या रंगीबेरंगी वस्तीचं नावच पेलोरिन्यु आहे. जागेचं नावच साक्ष देतं.

गोव्यातल्या खांबावर मात्र वाद होतो तो फक्त हिंदू-ख्रिस्ती असा. 1560 मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनचे अत्याचार खरेच आहेत. पण ते सांगणारे आणि नाकारणारे, दोघेही जातीवर गप्प बसतात. धर्म बदलला तरी बामण, चारडो, सुदीर ही उतरंड चर्चमध्ये शाबूत राहिली. गावकाराचा मान महाराला देवळाने दिला नव्हता, चर्चनेही दिला नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी 1956 मध्ये नुसता धर्म बदलला नाही, 22 प्रतिज्ञा दिल्या.

हा इतिहास आपल्याला परका नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. 1902 मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांना 50 टक्के जागा राखून ठेवल्या. ब्राझीलने 1888 मध्ये गुलामी संपवली, पण केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी, आणि त्यांत कृष्णवर्णीय व आदिवासींचा वाटा, हा कायदा यायला 2012 उजाडलं. गोव्यात गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला 2003 मध्ये. तरीही 2022 च्या निवडणुकीत विधानसभेच्या 40 जागांपैकी एकही त्यांच्यासाठी राखीव नव्हती.

तेव्हा फोंतेन्यासला जरूर जा, फोटोही काढा. पण तसेच पुढे जुन्या गोव्यात जाऊन त्या खांबापाशी थांबा. आणि सोबतच्या पोराबाळांना सांगा, भिंतींना रंग दिला म्हणून इतिहास रंगीत होत नाही.

जय भीम!