कुक्कुटमांस-प्रक्रिया (परभणी जिल्हा)

मांसासाठी कोंबडी कापून, रक्त निथळवून, पिसे किंवा कातडी काढून व पोट साफ करून ती शिजवण्याजोगी करण्याची कृती. पूर्वी गावरान कोंबडी घरीच साफ केली जाई. ब्रॉयलर पालन वाढल्यावर (पहा : कुक्कुटपालन) हे काम चिकनच्या दुकानांकडे आले.

कापण्यापूर्वी 8 ते 12 तास खाद्य बंद ठेवतात, पाणी चालू असते. त्यामुळे आतडी रिकामी राहून मांस विष्ठेने दूषित होत नाही. मानेच्या रक्तवाहिन्या कापून पक्षी उलटा धरतात. रक्त साधारण दोन मिनिटांत निथळते. दुकानात ब्रॉयलरची कातडी पिसांसकट सोलतात. गावरान कोंबडी मात्र गरम पाण्यात बुडवून पिसे उपटतात, हळद लावून जाळावर भाजतात. बारीक लव जळते, चवीची कातडी टिकते. पोटा चिरून खडे काढतात, आतला पिवळा पापुद्रा सोलतात. यकृतावरील पित्ताशय न फोडता काढणे हे सर्वांत नाजूक काम, कारण ते फुटल्यास मांस कडवट होते. यांत्रिक प्रकल्पांत मांस 4 अंश से.पर्यंत थंड करतात (पहा : शीतगृह).

जानेवारी 2021 मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळल्यावर परिसरातील पक्षी नष्ट करण्यात आले (पहा : बर्ड फ्लू). हा विषाणू 70 अंश से.ला नष्ट होतो. त्यामुळे धोका शिजलेल्या मांसापेक्षा जिवंत पक्षी हाताळणाऱ्या व कापणाऱ्या कामगारांना अधिक असतो. मांसविक्रीला अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 लागू आहे.