माळेगावचा घोडेबाजार, १९४६ : आज कोण पुढे जाईल?

डिसेंबर १९४६, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. नांदेडहून निघून तुम्ही लोह्याला जरा पाठ टेकली, मध्यरात्रीच पुन्हा गाडी जुंपली आणि उजाडता उजाडता माळेगावच्या माळावर उतरलात. मुलूख निजामाचा. जिल्हा नांदेड, तालुका कंधार. लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातली एक पेठ आहे, तिकडची मंडळी अहमदपूरच्या बाजूनं आली आहेत. खिशातले रुपये हाली शिक्क्याचे. एकवीस महिन्यांनी हे राज्य संपणार आहे, हे या गर्दीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. पण आज त्याचा उपयोग नाही. आज तुम्हाला घोडे ओळखायचे आहेत.

देवळाकडून हलगीचा आवाज येतोय, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या आरोळ्या उठतायत. खंडोबा घोड्यावर बसणारा देव, त्याच्या यात्रेत घोड्याला मान असायचाच. एका अंगाला गाढवं, उंट, लाल कंधारी बैल. दुसऱ्या अंगाला आगाडी-पिछाडी लावलेल्या घोड्यांच्या रांगा. खरारा चाललाय, तोबरे चढलेत, नालबंदाची हातोडी थांबत नाही. हैदराबादसारख्या शहरातल्या रेसकोर्सवर घोड्याची वंशावळ आणि मागच्या शर्यती छापून हातात मिळतात. इथं छापील काही नाही. विकणारा गिऱ्हाइकापुढे घोडा पळवून दाखवतो, शेजारचा इरेला पेटून आपलाही सोडतो, आणि बघता बघता माळावर शर्यत उभी राहते. पंच सगळी गर्दीच. पळण्याआधीच ज्याला घोडा वाचता येतो त्याचंच इथं खरं.

पहिल्याच रांगेत तुम्ही थबकता. पांढराशुभ्र नुकरा, आयाळीत गोंडे, गळ्यात घुंगरमाळ, मान कमानीसारखी. तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघत राहता. मागून आवाज येतो, “तोंड काय बघायलाव पाव्हणं? पाय बघा.”

दाढी मेंदीनं रंगवलेले, पाय किंचित फाकवून चालणारे चाचा. डेक्कन हॉर्समध्ये सवार होते. हा रिसाला मूळचा निजामाच्या फौजेतला, १७९० च्या सुमाराचा. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, याच रिसाल्यानं हाय वूडपाशी भाले रोखून घोडे घातले होते. आता त्यांच्याकडे रणगाडे आहेत. चाचांची नजर मात्र घोड्यावरून हटलेली नाही, आणि तुमचं नशीब की ती तुम्हाला उसनी मिळतेय.

ते तुम्हाला उकिडवं बसवतात. नुकरा पुढचा डावा पाय जरासा पुढे टाकून, त्याच्यावर भार न देता उभा आहे. घोडा मागचा पाय ढिला सोडून उभा राहिला तर काळजी नाही, तो त्याचा विसावा. पण अंगाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय राखून उभा असलेला घोडा खुरात किंवा सांध्यात काहीतरी दुखतंय असं सांगत असतो. चाचा खुराला हात लावतात. डावा उजव्यापेक्षा गरम. “वरातीला चांगला,” एवढंच म्हणतात. त्यात हिणवणं नाही. वरातीला शांत, देखणं जनावर लागतं आणि हा तसा आहे.

पुढचा कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी. चारी पाय नि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. कान टोकांशी एकमेकांकडे वळलेले, मारवाडी रक्त. चाचा ओठ उचलून दात दाखवतात. पाच वर्षांत दुधाचे सगळे दात पडून तोंड पुरं होतं. मग खालच्या समोरच्या दातांतले खळगे झिजत जातात. मधले सहाव्या वर्षी, कडेचे आठव्याच्या आसपास. याच्या मधल्या जोडीचे खळगे नुकते बुजलेत. ऐन उमेदीतला घोडा. मागचे पुठ्ठे भरलेले, छाती रुंद. मालक गळ्यावरचा देवमणीचा भोवरा दाखवून भाव चढवतो. भोवऱ्यावर आणि गोमेवर इथं शेकडो रुपये वरखाली होतात. श्रद्धा ज्याची त्याला. पण भोवरा पळत नाही, हे मी ठाम सांगतो.

तिसरी सब्जा, म्हणजे करड्या रंगाची घोडी, एका मेंढपाळाची. उंचीला कमी, पोटाला धूळ, आयाळ कुणी विंचरलेली नाही. भीमथडीच्या जातकुळीतली, दख्खनच्या दगडधोंड्यांत मराठ्यांना पाठीवर घेऊन फिरलेल्या तट्टांची नात. खूर लहान, काळे, टणक. चाचा मालकाला म्हणतात, “जरा चालीव.” धावायला नाही, नुसतं चालायला सांगतात.

इथं नीट बघा. घोडी मऊ धुळीतून गेली की मागे ठसे राहतात. पुढचा पाय उचलला त्या ठशाच्याही पुढे, चांगलं चार बोटं, मागच्या पायाचा ठसा पडलाय. दोन्ही बाजूंना सारखा. म्हणजे मागून रेटा आहे, खांदा मोकळा आहे, कुठं आखडलेलं नाही. कुमैताचेही ठसे पुढे पडतात, पण डाव्या बाजूला थोडे कमी. चौथं काळं शिंगरू, तीन वर्षांचंही नसेल, चालताना सारखं अंग टाकतं. त्याला आज पळवूच नये.

चाचा तुम्हालाच विचारतात, कोण? तुम्ही म्हणता, कुमैत. ते विचारतात, “किती लांब?” सारी मेख याच प्रश्नात आहे. बाभळीपर्यंतची छोटी धाव असेल तर पुठ्ठ्यातला जोर जिंकतो, तिथं कुमैतच. ओढा ओलांडून, दगडाळ टेकाडाला वळसा घालून परत यायचं असेल तर दम आणि खूर जिंकतात, तिथं सब्जा. नुकरा कुठंच नाही.

पहिली धाव सुटते. कुमैत चौखूर उधळतो आणि बाभळीपाशी सब्जाला दोन घोडे मागे टाकतो. शिट्ट्या, फेटे हवेत. दुसरी धाव लांबची. ओढ्यापर्यंत कुमैतच पुढे. पलीकडं दगड लागतात, तो पाऊल तोलून टाकू लागतो, स्वार टाच मारतो तरी लय येत नाही. सब्जा आपल्या चालीत काही न बदलता त्याच्या अंगावरून निघून जाते.

चाचा जिंकलेल्या घोडीकडं न बघता दोघांच्या नाकपुड्यांकडं बघतात. भरधाव घोड्याचा श्वास टापांशी बांधलेला असतो, एका उडीला एक श्वास. थांबल्यावर तो किती लवकर सुटा होऊन खाली येतो, त्यावरून घोड्याची खरी कुवत कळते. विश्रांतीत मिनिटाला दहा-पंधरा श्वास पुरतात. चिलीम भरून होते तोवर सब्जाची कूस शांत झालीय. कुमैताची अजून भात्यासारखी हलतेय.

मग उपरण्याखाली हात जातात, बोटं दाबली जातात, हेडे मध्ये पडतात. नुकरा सगळ्यांत महाग जातो. सब्जाला मेंढपाळ विकतच नाही.

मुंबईत महालक्ष्मीला १९४३ साली पहिली इंडियन डर्बी जिंकली तीही घोडीनंच, बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुलनं. तिचं नाव नोंदीत राहिलं. माळेगावच्या सब्जांची नोंद कुणी ठेवली नाही, आणि ही चूक आपल्याला फार महाग पडली. रिसाले गेले, टांगे गेले, आणि भीमथडी घोडे दुर्मीळ होत गेले. अलीकडं कुठं राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

यात्रा आजही नांदेड-लातूर रस्त्यावर, त्याच तिथीला भरते. लाखांच्या बोलीचे घोडे बघायला जरूर थांबा. पण मेंढरांमागं उभं असलेलं एखादं बुटकं, धुळीनं भरलेलं तट्टू दिसलं, तर मालकाला ते दहा पावलं चालवायला सांगा आणि ठसे बघा. चांगली घोडी निघाली तर मालकाला सांगा, ही विकू नका, हिची पैदास करा.