फुल-फ्रेम डिजिटल कॅमेरा : जुन्या-नव्याच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : पेण व रोहा)

सारांश

कॅमेरा जुना घ्यावा की नवा, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञानाचा वाटतो. छायाचित्रणाच्या इतिहासात मात्र तो प्रत्येक पिढीपुढे आलेला आहे आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर प्रकाश, भांडवल आणि चित्राचा अंतिम उपयोग या तीन गोष्टींनी ठरविले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात २००२ नंतरच्या फुल-फ्रेम डिजिटल कॅमेऱ्यांच्या वाटचालीचा आढावा घेऊन, रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा येथील छायाचित्र-व्यवसायाच्या संदर्भात या निवडीची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : छायाचित्रण, फुल-फ्रेम, सेन्सर, पेणची मूर्तिकला, धावीर महाराज पालखी, दृश्य दस्तऐवज.

१. प्रस्तावना

स्थानिक इतिहासाच्या लेखनात कागदपत्रे, शिलालेख व मौखिक परंपरा यांना जे स्थान मिळाले, ते छायाचित्राला फारसे मिळालेले नाही. गावातील लग्न, जत्रा, पालखी, शाळेचे स्नेहसंमेलन यांची चित्रे टिपणारा छायाचित्रकार हा नकळत गावाचा दप्तरदारच असतो. त्याने कोणते साधन निवडले यावर पुढील पिढीला काय दिसणार, हे अवलंबून असते. पेण व रोहा ही गावे मुंबईपासून फार दूर नाहीत. परंतु तेथील व्यवसाय हंगामी आहे. लग्नसराई आणि सणांचे दिवस सोडले तर उत्पन्न बेताचे असते. अशा व्यावसायिकाने कॅमेऱ्यात घातलेले भांडवल चुकले, तर ती चूक सुधारण्याची संधी त्याला लवकर मिळत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नसून उपजीविकेचा आहे.

२. उद्दिष्टे

१) छायाचित्रणातील जुन्या-नव्या साधनांच्या निवडीची ऐतिहासिक पूर्वपीठिका पाहणे.
२) फुल-फ्रेम डिजिटल कॅमेऱ्यांच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
३) पेण व रोहा येथील प्रत्यक्ष गरजांच्या आधारे निवडीचे निकष मांडणे.

३. संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. छायाचित्रणाच्या इतिहासाविषयीची उपलब्ध माहिती व उत्पादकांनी प्रसिद्ध केलेले तांत्रिक तपशील यांचा आधार घेतला असून अभ्यासाची भौगोलिक मर्यादा पेण व रोहा परिसर ही आहे.

४. विषय विवेचन

४.१ पूर्वपीठिका

पश्चिम भारतात छायाचित्रणाला संघटित रूप आले ते १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीमुळे. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे या कालखंडातील उल्लेखनीय भारतीय छायाचित्रकार होत. त्यांच्या काळातही निवडीचा प्रश्न होताच. डॅगेरोटाइप पद्धतीचे चित्र अत्यंत स्पष्ट येई, पण त्याची दुसरी प्रत निघत नसे. कागदी निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत, पण बारकावे पुसट होत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी मांडलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत दोन्ही गुण एकत्र आले. मात्र काच ओली असतानाच चित्र टिपून ती धुवावी लागे, त्यामुळे गावोगावी जाणाऱ्यास काळोखा तंबू व रसायने बरोबर न्यावी लागत. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी सुचविलेल्या कोरड्या काचेने ही अडचण पुढे दूर केली.

या घडामोडींतून एक सूत्र हाती लागते. नवे साधन जुन्यापेक्षा सर्वच बाबतींत सरस असते असे नाही; ते एखादी विशिष्ट अडचण दूर करते. ती अडचण ज्याच्यापुढे नाही, त्याला नव्या साधनाचा लाभही मर्यादितच होतो.

४.२ चौकटीचा आकार आणि त्याचा वारसा

आज ज्याला 'फुल-फ्रेम' म्हटले जाते तो ३६ × २४ मिलिमीटरचा आकार डिजिटल युगाची निर्मिती नव्हे. ऑस्कर बार्नाक यांनी चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर आधारित छोटा कॅमेरा तयार केला आणि १९२५ मध्ये लायका या नावाने तो बाजारात आला. तेव्हापासून हा आकार प्रमाण मानला गेला.

भारतातील स्टुडिओंनी मात्र हा आकार लगेच स्वीकारला नाही. येथे दीर्घकाळ १२० क्रमांकाच्या रोलचे, दोन भिंगांचे यशिका कॅमेरे वापरात होते. त्यांच्या सुमारे ५६ × ५६ मिलिमीटरच्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून अधिक भरते. परंतु एका रोलवर बाराच चित्रे येत, तर ३५ मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. लग्नाच्या कामात मोठ्या निगेटिव्हच्या स्पष्टतेपेक्षा चित्रांची संख्या व हाताळणीतील चपळता महत्त्वाची ठरली आणि स्टुडिओ हळूहळू ३५ मिलिमीटरकडे वळले. आयातीवरील निर्बंधांमुळे नवा परदेशी कॅमेरा सहज मिळत नसे. त्यामुळे वापरलेला कॅमेरा नीट पारखून घेणे ही छायाचित्रकाराची सवयच झाली. मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजार हा अशा खरेदीचा व दुरुस्तीचा परिचित ठिकाणा. दिवा-पनवेल मार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोहोचल्यावर या भागाचा मुंबईच्या बाजारपेठेशी असलेला संबंध अधिक सुलभ झाला.

४.३ फुल-फ्रेम डिजिटल कॅमेऱ्याची वाटचाल

सिलिकॉनचा मोठा सेन्सर घडविणे फार खर्चाचे असल्याने सुरुवातीच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत लहान सेन्सर बसविला जाई. त्याचे क्षेत्रफळ पूर्ण चौकटीच्या निम्म्याहूनही कमी असे. परिणामी जुने भिंग लावले की दृश्याची रुंदी घटे. २४ मिलिमीटरचे भिंग सुमारे ३६ ते ३८ मिलिमीटरच्या भिंगासारखे वागे. २००२ मध्ये कॉन्टॅक्स एन डिजिटल व ११ मेगापिक्सेलचा कॅनन १डीएस हे फुल-फ्रेम कॅमेरे आले, पण ते मोजक्यांनाच परवडणारे होते.

खरे वळण ऑगस्ट २००५ मध्ये आले. १२.८ मेगापिक्सेलचा कॅनन ५डी ३,२९९ डॉलरला जाहीर झाला. २००८ मध्ये निकॉन डी७०० हा २,९९९ डॉलरला, तर २१.१ मेगापिक्सेलचा कॅनन ५डी मार्क २ हा २,६९९ डॉलरला आला. मार्क २ मध्ये उच्च दर्जाच्या चलचित्रणाचीही सोय होती. २०१३ मध्ये सोनीने आरसा नसलेला ए७ सुमारे १,७०० डॉलरला आणला. २०१८ मध्ये निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्या फुल-फ्रेम मिररलेसकडे वळल्या आणि २०२० नंतर त्यांनी नवा फुल-फ्रेम डीएसएलआर आणलेला नाही. परिणामतः जुने, पण उत्तम स्थितीतील डीएसएलआर मोठ्या संख्येने वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात आले आणि लहान गावातील व्यावसायिकापुढे निवडीचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

४.४ पेण : स्थिर विषय

पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे ही परिसरातील गावे गणेशमूर्तींसाठी सर्वदूर ख्यात आहेत. येथील कारखान्यांत छायाचित्रकाराची दोन प्रकारची कामे असतात. पहिले काम विक्रीसाठी मूर्तींची चित्रे काढण्याचे. जागा अरुंद, मूर्ती ओळीने दाटीने मांडलेल्या आणि पावसाळ्यात उजेड मंद. येथे पूर्ण चौकटीचा लाभ स्पष्ट दिसतो, कारण रुंद दृश्याचे भिंग आपली पूर्ण रुंदी देते. मात्र मूर्ती हलत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून शटर एक सेकंद उघडे ठेवले तरी चित्र बिघडत नाही. त्यामुळे प्रकाशसंवेदनशीलता वाढविण्याची गरजच उरत नाही. अशा कामासाठी २००५ चा कॅमेराही आजच्या कॅमेऱ्याच्या फारसा मागे पडत नाही.

दुसरे काम कारागिरांचे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हा या कलेतील सर्वांत नाजूक क्षण होय. येथे मूर्ती स्थिर असली तरी कुंचला धरलेला हात हलता असतो. आखणी करणाऱ्याचे चित्त विचलित होऊ नये म्हणून फ्लॅशही टाळावा लागतो. येथे मात्र जुन्या कॅमेऱ्याची मर्यादा जाणवू लागते.

४.५ रोहा : गतिमान विषय

रोह्याचे ग्रामदैवत श्री धावीर महाराज यांची दसऱ्यानंतर निघणारी पालखी आणि तिला पोलिसांकडून दिली जाणारी सशस्त्र मानवंदना हा तालुक्याच्या सांस्कृतिक जीवनातील मोठा प्रसंग आहे. पालखी खांद्यावर हलत असते, माणसे दाटीने पुढे सरकत असतात आणि पहाटेच्या व रात्रीच्या वेळी उजेड अपुरा असतो. मूळ ५डी ची नेहमीची संवेदनशीलता १६०० पर्यंत, तर डी७०० व मार्क २ ची ६४०० पर्यंत आहे. समान उजेडात व समान छिद्रमानावर १६०० ला शटर १/३० सेकंदावर चालत असेल, तर ६४०० ला ते १/१२५ वर चालते. १/३० वर भोई व पालखी पुसट होतात. १/१२५ वर चेहरे ओळखू येण्याची शक्यता बरीच वाढते. २०१८ नंतरच्या मिररलेस कॅमेऱ्यांत ही मर्यादा आणखी विस्तारली असून चेहरा व डोळा ओळखून फोकस साधण्याची सोयही त्यांत आहे. मानवंदना त्या दिवशी पुन्हा होत नाही. म्हणून येथे नव्या साधनाचा खर्च समर्थनीय ठरतो.

नव्या साधनालाही पथ्ये आहेत. एलईडी दिव्यांच्या रोषणाईत मिररलेस कॅमेऱ्याचे आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. मांडवात यांत्रिक शटर वापरणेच हिताचे.

४.६ छपाईचा निकष

मेगापिक्सेलची चर्चा छपाईच्या आकाराशी जोडल्याशिवाय अर्थपूर्ण होत नाही. लग्नाच्या अल्बमचे १२ × १८ इंचांचे पान धरले आणि इंचाला ३०० ठिपके हे उत्तम छपाईचे प्रमाण मानले, तर ५४०० × ३६०० ठिपके, म्हणजे सुमारे १९.४ मेगापिक्सेल लागतात. मार्क २ चे ५६१६ × ३७४४ ठिपके या पानाला पुरेसे आहेत. मूळ ५डी च्या ४३६८ × २९१२ ठिपक्यांतून त्याच पानावर इंचाला सुमारे २४३ ठिपके पडतात; हातात धरून पाहण्याच्या अल्बमला तेही चालण्याजोगे आहे. चौकात लागणारा फलक तर लांबूनच पाहिला जातो. त्यामुळे ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेणाऱ्याने इतक्या मोठ्या छपाईची मागणी आपल्याकडे येते काय, हे आधी तपासणे इष्ट.

४.७ भिंगे, हवामान आणि जतन

निवडीत कॅमेऱ्याच्या किमतीहून भिंगांचा संच अधिक निर्णायक असतो. कॅननची १९८७ पासूनची ईएफ भिंगे अडॅप्टरच्या साहाय्याने त्यांच्या नव्या मिररलेसवर व्यवस्थित चालतात. निकॉनची जुनी एएफ-डी भिंगे मात्र एफटीझेड अडॅप्टरवर लावली असता स्वयंचलित फोकस करीत नाहीत. डी७०० च्या अंगातच मोटर असल्याने ती तेथे पूर्ववत चालतात. ज्याच्याकडे अशी भिंगे आहेत, त्याला जुना कॅमेराच अधिक उपयोगी.

जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा पडले आहे हे पाहावे. मूळ ५डी चे शटर एक लाख, तर मार्क २ व डी७०० यांचे दीड लाख वेळा चालेल अशा क्षमतेचे असल्याचे उत्पादक सांगतात. शिवाय ५डी मध्ये कार्डासाठी एकच खाच आहे. एकदाच होणाऱ्या विवाहविधीत कार्ड बिघडले तर दुसरी प्रत नसते. नव्या अनेक कॅमेऱ्यांतील दोन कार्डांची सोय ही चैन नसून ग्राहकाप्रती असलेली जबाबदारी आहे.

कोकणातील दमट हवेत भिंगांना बुरशी लागते. जून ते सप्टेंबर या काळात भिंगे सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवली नाहीत, तर जुन्या-नव्याचा भेद उरत नाही. जुने भिंग विकत घेताना ते उजेडासमोर धरून आत जाळी दिसते काय, हे पाहणे अगत्याचे.

जतनाचा मुद्दा इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. ट्रंकेत राहिलेल्या निगेटिव्हवरून कित्येक वर्षांनंतरही चित्र काढता येते. एकाच हार्ड डिस्कवर ठेवलेली चित्रे मात्र डिस्क बिघडताच नष्ट होऊ शकतात. नव्या कॅमेऱ्यांच्या फाइली मोठ्या, म्हणून साठवणुकीचा खर्चही मोठा. सारे भांडवल कॅमेऱ्यात घालून दुसरी प्रत ठेवण्यासाठी काहीच न उरणे, ही गावाच्या दृश्य दप्तराची हानी होय.

५. निष्कर्ष

१) जुन्या-नव्याच्या निवडीचा प्रश्न डिजिटल युगापुरता नाही, ओल्या काचेपासून यशिकापर्यंत तो सातत्याने आढळतो आणि प्रत्येक वेळी विशिष्ट अडचणीच्या संदर्भातच सुटला आहे.
२) मूर्ती, वास्तू, शिल्पे, अवचितगडाच्या परिसरातील वीरगळ अशा स्थिर विषयांसाठी जुना फुल-फ्रेम डीएसएलआर आजही पुरेसा आहे.
३) पालखी, विवाहविधी व कमी उजेडातील हलत्या विषयांसाठी, तसेच चलचित्रणासाठी नव्या कॅमेऱ्याचा लाभ खरा व मोजता येण्याजोगा आहे.
४) भिंगांचा संच, शटरचे उरलेले आयुष्य व अल्बमचा आकार हे निकष मेगापिक्सेलच्या आकड्याहून विश्वसनीय आहेत.
५) खरेदीच्या अंदाजपत्रकात चित्रांच्या दुसऱ्या प्रतीची तरतूद अनिवार्य मानावी.

समारोपादाखल असे म्हणता येईल की, कॅमेरा काही वर्षांत जुना होतो. त्याने टिपलेले चित्र मात्र वर्षागणिक मोलाचे होत जाते. पेणच्या कारखान्यातील आखणी करणारा हात आणि रोह्याच्या पालखीखालचे खांदे उद्याच्या अभ्यासकाला दिसावेत, असे वाटत असेल तर आपल्या कामाला पुरेल असा कॅमेरा घेऊन उरलेल्या पैशांत त्या चित्रांचे जतन करणे, हीच निवड शहाणपणाची ठरते.