पांढरे सोने आणि ते वेचणारे हात

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणतीत जळते ती वात कापसाची, आणि वऱ्हाडात दिवाळी म्हणजे कापूस घरात येण्याचे दिवस. आम्हां वऱ्हाडी माणसांना या पांढऱ्या सोन्याचा मोठा अभिमान. तो असावाच. पण त्याचा इतिहास आपण सांगतो तेव्हा पेढ्यांचा, वखारींचा आणि अमरावतीच्या नामांकित वकिलांचा सांगतो. ज्यांनी हे सोने वेचले, सरकीपासून वेगळे केले आणि गाठींत बांधले, ती माणसे त्यात क्वचितच भेटतात. मला वाटते, विसाव्या शतकाच्या आरंभीचा वऱ्हाड ओळखायचा तर त्यांच्यापासूनच सुरुवात केली पाहिजे.

गोष्ट सुरू होते ती दूर अमेरिकेत. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले आणि गुलामांच्या घामावर पिकलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. व्यापाऱ्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. अकोला, बडनेरा, अमरावती, खामगाव येथे जिनांची आणि प्रेसांची धुराडी उभी राहिली.

या जिनांत रेच्यापुढे बसून कापूस घालण्याचे काम बहुधा बायांचे. हवेत सारखे तूस उडत असे. हंगाम थोडा आणि कामाचे तास अफाट! १८८१ चा कारखाना कायदा शंभर मजुरांच्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. त्याआधी हंगाम उरकणारा जिन त्यातून सहज सुटे. १९११ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. पण बायकांना रात्री कामाला लावण्याची बंदी घालताना त्याच कायद्याने जिनांना तेवढी सूट ठेवली. कापसाला घाई होती. बाईच्या झोपेला किंमत नव्हती.

तरीही जिनाने एक गोष्ट दिली, ती म्हणजे रोख मजुरी. गावात महाराने गावकीची कामे करायची आणि बलुत्यासाठी दारोदार हिंडायचे, ही रीत. जिनात मात्र कामाचे पैसे हातात पडत. भेद काही संपला नाही. मुंबई-नागपूरच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद असत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे! पण ज्याच्या पदरी चार पैसे आले, त्याला मुलगा शाळेत घालावा, सभेला जावे, अर्ज लिहावा असे वाटू लागले. वऱ्हाडातील चळवळीच्या मुळाशी मला ही रोख मजुरी दिसते.

अमरावती जिल्ह्याचे गणेश आक्काजी गवई मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात अस्पृश्यांच्या वतीने बोलू लागले. पुढे १९३२ साली संयुक्त मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे मार्ग निराळे झाले. पण चळवळीची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावेच लागेल. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाडच्या अस्पृश्य बांधवांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम गेल्याची तार बाबासाहेबांच्या हाती आली. देवस्थानाच्या पंचांनी मुदत मागितली, म्हणून सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला. मागणी मात्र मागे घेतली गेली नाही.

हेच बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. शेजारीच हार्लेम, जेथे निग्रो वस्ती वाढत होती. १९१६ च्या सुमारास दक्षिणेचे कापसाचे मळे सोडून हजारो निग्रो मजूर शिकागो-डेट्रॉइटच्या कारखान्यांकडे निघाले. जात आणि वर्ण एकच नव्हेत. पण कापसाच्या दोन्ही मुलखांतून प्रश्न एकच उठला: आमच्या हातांचे काम चालते, मग आमचा स्पर्श का चालत नाही?

या प्रश्नाला वऱ्हाडातूनच उत्तरेही मिळाली. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत काढलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली. आणि शेंडगावच्या परिटाच्या घरी १८७६ साली जन्मलेला डेबूजी? मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाच्या शेतात राबणारा हा मुलगा. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्याने पाहिली. १९०५ साली तो घर सोडून निघाला आणि खराटा हाती घेऊन लोकांचा गाडगेबाबा झाला. पंढरपुरात दलित वारकऱ्यांना टेकायला जागा नव्हती, म्हणून बाबांनी लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. वऱ्हाडच्या शेतमजुराने वारकऱ्यांसाठी उभारलेले छप्पर असे विद्येच्या कामी आले. पांढऱ्या सोन्याचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू आपण विसरू नये.